कडुलिंबाने कीड मरते का? प्रधानांचा प्रयोग आणि आपल्या कोठीतले गहू

झुरळमावशी (इंदूर):

गव्हाचा सिझन आला की इंदूरचे मराठी व्हॉट्सअप गट एकाच प्रश्नावर भांडतात. लोकवन की शरबती हा वाद छावणी मंडीत भाव ऐकल्यावर आपोआप मिटतो. पण कोठीत कडुलिंबाचा पाला घालायचा, एरंडेल चोळायचं की दुकानातून गोळ्या आणायच्या, यावर सख्ख्या जावा अबोला धरतात. माझी सगळी नोकरी कीटकशास्त्र शिकवण्यात गेली, म्हणून दर वर्षी कोणीतरी मला मध्ये ओढतं. "मावशी, तुम्हीच सांगा, कडुलिंबाने कीड मरते ना?"

उत्तर एका ओळीत बसत नाही म्हणून हा धागा. "मरते का" असं विचारलं तर कडुलिंब बहुतेक वेळा नापास होतो. "खाते का" असं विचारलं तर त्याच्या तोडीचं झाड सापडणं कठीण.

हा दुसरा प्रश्न आपल्या देशात नीट विचारला डॉ. एस. प्रधान यांनी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे पुसात, ते कीटकशास्त्राचं काम बघत. १९६२ साली टोळधाडीच्या काळात त्यांनी आणि जोतवानी, राय या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या बियांतला गर वाटला, पाण्यात कालवला आणि उभ्या पिकांवर फवारला. टोळ आले, पिकांवर बसलेसुद्धा, पण खाल्लं काही नाही. हा परिणाम तीन आठवड्यांपर्यंत टिकला. याच्याही आधी, १९२०च्या दशकात, चोप्रा आणि हुसेन या आपल्याच शास्त्रज्ञांनी अगदी पातळ, ०.००१ टक्के इतक्या द्रावणाने टोळ दूर राहतात हे पाहून ठेवलं होतं.

जगात मात्र गोष्ट सांगतात ती सुदानची. १९५९ मध्ये तिथे टोळधाड आली, हिरवं म्हणून जे होतं ते फस्त झालं आणि कडुलिंब तेवढे उभे राहिले. ते पाहिलं हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकतज्ज्ञाने, आणि पुढे अनेक वर्षं त्याने याच झाडाला वाहून घेतलं. त्याच्याबद्दल आदरच आहे. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत श्मुटरर येतो आणि प्रधान येत नाहीत, याचा मला राग येतो.

१९६८ मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी, टोळ कोणता अंश तोंडाला लावत नाहीत हे तपासत तपासत, बियांतून नेमका पदार्थ वेगळा काढला. तो अझॅडिरॅक्टिन. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ३५, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे १६ अणू. रचना पुरती उलगडायला १९८५ उजाडलं. प्रयोगशाळेत तो शून्यापासून बनवायला केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाला २००७ साल लागलं, आणि तेही ७१ टप्प्यांत. कारखान्यात बनवून विकायचं नावच नको, झाडाखालची निंबोळी वेचणं परवडलं.

तो काम दोन बाजूंनी करतो. अळीच्या तोंडाजवळच्या चव घेणाऱ्या पेशी खाणं थांबवतात. तरी थोडं पोटात गेलंच, तर कात टाकायला लावणारी संप्रेरकं बिघडतात. अळी जुन्या कातीत अडकते, कोषात जात नाही, वाचलेल्या मादीची अंडी कमी होतात. हे सगळं व्हायला दिवस लागतात. सकाळी फवारून संध्याकाळी अळ्यांचा सडा बघायची सवय झालेल्या माणसाला हे औषध वाटतच नाही.

आता तुम्ही बोला.

रामबागकर:

मस्त धागा. म्हणजे टोळ लग्नात पंगतीला बसून, ताटाला हात न लावता उठणाऱ्या व्याह्यांसारखे वागले.
अवांतर: प्रधान म्हणजे आपल्यातले का हो?

झुरळमावशी:

वाटलंच होतं, पहिला प्रतिसाद हाच येणार. नाही. उत्तर प्रदेशचे. आडनावावरून नातं जोडायची आपली खोड इंदुरात तीन पिढ्या काढल्या तरी जात नाही.

छावणीतला_चंदू:

मावशी नमस्कार. आमच्या आजोबांपासून गल्ल्याचं काम आहे. टोळ काही आमच्या गोदामात येत नाहीत. आमच्याकडे सोंडे, खापरा आणि डाळीतले भुंगे. गिऱ्हाईक सांगतं, शेठ पाला टाकून द्या. मी टाकतो, मला काय जातं? पण खरं सांगू, पाला टाकलेल्या पोत्यातही सोंडे बघितलेत आणि पाला न टाकलेलं पोतं दिवाळीपर्यंत स्वच्छ राहिलेलंही बघितलंय. हे कसं?

झुरळमावशी:

चंदूशेठ, दुकानावर बसून जे बघितलंत तेच प्रयोगांतही दिसतं. पाल्याचे निकाल कुठे बरे, कुठे शून्य. कारणं सांगते.

पहिलं, अझॅडिरॅक्टिन मुख्यतः बीमध्ये असतं, पानात फार थोडं. आपण झाडाचा जो भाग सहज हाताला येतो तो वापरतो, आणि ज्यात ऐवज आहे तो पावसाळ्यात पायाखाली तुडवतो.

दुसरं, सोंडा. त्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून बूच लावून टाकते. अळी दाण्याच्या आतच जन्मते, आतच वाढते, भुंगा होऊन बाहेर पडते. वर पाला असो नाहीतर हळद, तिला खबर नाही. मंडीतून आणलेल्या गव्हात अंडी आधीच असतील तर पाला काय करणार?

आता डाळीचा भुंगा बघा. त्याची मादी अंडं दाण्याच्या वरच्या सालीवर चिकटवते. अख्ख्या मुगावर, चवळीवर पांढरे ठिपके दिसतात ना, तीच अंडी. त्याच्यावर तेलाचा पातळ हात फिरला की अंड्याला हवा मिळत नाही आणि ते आतल्या आत गुदमरतं. म्हणून तूर, मूग, हरभरा यांना एरंडेल लावायची आपल्या बायकांची रीत पक्की आहे. तेच तेल गव्हातल्या सोंड्यापुढे तितकं चालत नाही, कारण त्याचं अंडं आत बंद आहे.

खापऱ्याची तऱ्हा तिसरीच. त्याची केसाळ अळी कोठीच्या सांध्यात, पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत न खातापिता वर्षानुवर्षं पडून राहू शकते. नवे गहू आले की उठते. पोतं तेच असेल तर औषध कुठलंही वापरा.

तुमचं स्वच्छ राहिलेलं पोतं बहुधा चांगलं वाळलेलं होतं. मे महिन्याच्या इंदुरी उन्हात गच्चीवर खडखडीत वाळवलेले गहू, दाताखाली कट्कन तुटणारे, आणि घट्ट झाकणाची कोरडी कोठी, एवढ्यानेच अर्ध्याहून जास्त काम होतं. पाला त्यानंतर.

सुलभा_सुदामानगर:

वाचतेय. खूप छान समजावलंत. आमच्या शेजारी गव्हात सल्फासच्या गोळ्या ठेवतात. चिंधीत बांधून. म्हणतात गोदामात तेच वापरतात. सुरक्षित आहे का?

झुरळमावशी:

नाही. नाही. नाही.

ती अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो. गोदामात वापरतात ते ताडपत्रीने हवाबंद करून, माणसं बाहेर काढून, प्रशिक्षित लोकांच्या हातून. घरात, झोपायच्या खोलीत ठेवलेल्या कोठीत ती गोळी ठेवली की वायू माणसांच्या नाकात जातो. त्याच्यावर उतारा असं औषध नाही. लहान मुलं गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात त्या याच्याच. शेजाऱ्यांना आज सांगा, उद्या नको.

सुलभा_सुदामानगर:

आत्ताच जाऊन सांगून आले. आधी रागावल्या, मग कोठी गॅलरीत काढली.

छावणीतला_चंदू:

नियमाने ती गोळी किरकोळ गिऱ्हाइकाला द्यायचीच नसते. तरी मिळते. आमच्या दुकानात मागितली तर मी चहा पाजून परत पाठवतो.

बाळू_देवासकर:

मावशी, मी सोयाबीनवाला. १८ बिघे. दोन वर्षांपूर्वी गर्डल बीटल आला म्हणून दुकानदाराने नीमची बाटली दिली. फवारली. काही फरक नाही. वरची पानं वाळून लोंबत राहिली. तेव्हापासून नीमचं नाव काढलं की डोकं फिरतं. जैविक म्हणजे आम्हा शेतकऱ्यांना टोपी.

झुरळमावशी:

बाळासाहेब, राग रास्त आहे, पण तो कडुलिंबावर काढू नका.

गर्डल बीटल, म्हणजे चक्रभुंगा. त्याची मादी देठावर किंवा खोडावर एकावर एक दोन गोल खाचा कोरते आणि दोन्हींच्या मध्ये अंडं घालते. वरच्या भागाचा रस तुटतो म्हणून तो वाळून लोंबतो. तुम्ही लोंबणारी पानं बघून फवारता, तोपर्यंत अंडं आत गेलेलं. अळी निघते ती थेट खोड पोखरत खाली जाते. कडुलिंबाचा जोर चाखण्यावर. खोडाच्या आत बसलेल्या अळीला तो चाखायलाच मिळत नाही. सोंड्याचीच गोष्ट, फक्त शेतातली. तिथे लोंबणारा भाग खाचेच्या खालून तोडून नष्ट करणं, हेच सुरुवातीला कामाचं.

पण तुमच्याच शेतात हिरवी उंटअळी येते, तंबाखूची पानं खाणारी अळी येते. त्या उघड्यावर पान खातात. लहान असताना, पानाची जाळी करू लागल्या की लगेच, निंबोळी अर्काचा उपयोग होतो. बोटाएवढ्या झाल्यावर फार नाही.

बाटलीबद्दल. लेबलवर पीपीएमचा आकडा बघा, म्हणजे दहा लाख भागांत अझॅडिरॅक्टिनचे किती भाग. ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम, तिन्ही "नीम"च्या नावाने विकली जातात आणि तिघांत जमीन-अस्मानाचा फरक. काही बाटल्यांत नुसतं तेल असतं आणि आकडा लिहिलेलाच नसतो. ती दुकानातच ठेवून या.

बाळू_देवासकर:

आकडा कुणी सांगितलाच नाही. घरी करायचं तर?

झुरळमावशी:

पाच टक्के अर्क. वाळलेल्या निंबोळ्यांची पाच किलो भरड घ्या, नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा. २०० ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात घाला. साबण नसेल तर अर्क पानावर थांबत नाही, ओघळून जातो. मग एकूण १०० लिटर करा आणि त्याच दिवशी वापरून टाका.

फवारणी संध्याकाळी. ऊन हा अझॅडिरॅक्टिनचा शत्रू. भर दुपारी फवारलंत तर अळीच्या आधी सूर्यच ते खाऊन टाकतो. आणि निंबोळ्या पावसाळ्यात वेचल्या तर सावलीत वाळवा, हवेशीर पोत्यात ठेवा, बुरशी आली तर फेका. आठ-दहा महिन्यांपेक्षा जुन्या नकोत. म्हणजे यंदा जून-जुलैत वेचलेल्या रब्बीच्या हरभऱ्यावर चांगल्या चालतील, पुढच्या सोयाबीनपर्यंत मात्र त्यांचं वय झालेलं असेल.

शाश्वती वाटत नसेल तर शेताच्या एका कोपऱ्यातच करून बघा. खंडवा रोडच्या सोयाबीन संशोधन संस्थेतही विचारा, किडीचा फोटो घेऊन जा.

संशयात्मा:

मावशींचं सगळं पटलं, पण धाग्यावर एक सूर दिसतोय की झाडातलं ते चांगलं आणि कारखान्यातलं ते वाईट. मी रसायनवाला असल्यामुळे गप्प बसवत नाही.

निकोटिन झाडातलंच. तंबाखूचा काढा फवारणारे अजून आहेत. तो कातडीतून अंगात जातो, ओली तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना उलट्या-चक्कर येते ती त्यानेच. निकोटिन सल्फेटच्या वापरावर आपल्याकडे बंदी आहे, ती उगीच नाही. रोटेनॉन हे डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांतलं, मासे मारायला वापरत. माणसातल्या कंपवाताशी त्याचा संबंध जोडला गेलाय. आपलं घरगुती वेखंड घ्या. त्यातलं बीटा-असारोन साठवणीतल्या किडींच्या माद्यांना वांझ करतं, म्हणून धान्यात वेखंड ठेवतात. तेच उंदरांत गाठी करतं, आणि अमेरिकेत वेखंड अन्नात वापरायला १९६८ पासून बंदी आहे.

उलट शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमची पांढरी फुलं घ्या. त्यातला पदार्थ किड्याच्या मज्जातंतूंवर जातो, क्षणात आडवा करतो. पण उन्हात टिकत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची नक्कल करून टिकाऊ भाऊबंद बनवले. १९४९ मध्ये अॅलेथ्रिन, १९७०च्या दशकात इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांनी परमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन. तुमच्या घरच्या मच्छर अगरबत्तीतला ऐवज त्याच वंशाचा. किड्याच्या मज्जातंतूंत निकोटिनच्याच जागी जाऊन बसणारं इमिडाक्लोप्रिड हे कारखान्यातलं कीटकनाशकही तसंच. मग याला नैसर्गिक म्हणाल की कृत्रिम?

झुरळमावशी:

शब्दन् शब्द मान्य. वेखंडाचं चांगलं सांगितलंत, बाळाच्या दुपट्यात पुरचुंडी ठेवणं वेगळं आणि पिठाच्या गव्हात कुटून टाकणं वेगळं. सीताफळाच्या बियाही अशाच. उवांवर वाटून लावतात, पण डोळ्यात गेलं तर डोळा जायची वेळ येते.

होळकरशाही:

पण मावशी, हे सगळं आपल्या आज्यांना ठाऊक होतं. परकीयांनी पेटंट घेतलं तेव्हा जाग आली. कडुलिंबाचं पेटंट विसरलात?

संशयात्मा:

विसरलो नाही. पण ते पेटंट किडींचं नव्हतं, बुरशीचं होतं. अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये दिलं, २००० मध्ये रद्द केलं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं. रद्द व्हायला महाराष्ट्रातल्या शेतांवर १९८०च्या दशकात झालेल्या चाचण्यांची साक्ष कामी आली. आजीची आठवण कोर्टात उभी राहत नाही, कुणीतरी नोंद ठेवलेली असावी लागते.

होळकरशाही:

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. आजीबद्दलचं मत मात्र कायम.

पाहुणा_पाखरू (बॉस्टन, मूळ गाव नारायण बाग):

बऱ्याच दिवसांनी इतका छान धागा. माझ्या सध्याच्या गावचा एक किस्सा भर म्हणून.

१९६०च्या दशकात प्रागहून कारेल स्लामा नावाचे शास्त्रज्ञ हार्वर्डला कॅरल विल्यम्स यांच्याकडे आले. येताना आपले लाल-काळे ढेकूण घेऊन आले, कापसावरच्या आपल्या तांबड्या ढेकणांचे सख्खे भाऊबंद. प्रागमध्ये ते छान वाढत. हार्वर्डला मात्र एकही मोठा होईना. शेवटची कात टाकून प्रौढ व्हायच्या ऐवजी आणखी एक मोठ्ठं पिल्लू व्हायचं आणि तसंच मरायचं. अन्न बदललं, पाणी बदललं, काही नाही. शेवटी दोष निघाला तो बरणीत घातलेल्या कागदी रुमालात! अमेरिकन कागद ज्या बाल्सम फर झाडापासून होतो त्यात किड्याच्या बाल्य-संप्रेरकासारखा, म्हणजे त्याला पिल्लूच ठेवणारा पदार्थ असतो. मग त्यांनी वर्तमानपत्रं तपासली. न्यूयॉर्क टाइम्सवर ठेवलेले ढेकूण मोठे होत नव्हते, लंडनच्या टाइम्सवर ठेवलेले होत होते.

झाडाने किड्याला मारलंच नाही. मोठं होऊ दिलं नाही, म्हणजे पुढची पिढीच नाही. आणि हा पदार्थ त्या एकाच कुळातल्या ढेकणांवर चालतो, बाकीच्यांना काही नाही.

रामबागकर:

_/\_ भिया, कमाल. आपल्या नईदुनिया पेपरवर ठेवले असते तर काय झालं असतं?

झुरळमावशी:

या किश्श्यावर मी दर वर्षी एक तास घ्यायची. मुलं बाकी सगळं विसरतात, हे विसरत नाहीत.

वाडेकर_वाडा:

इंदूरचा धागा आणि हॉवर्डचं नाव नाही? १९२४ मध्ये आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने इथेच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली, होळकर दरबाराने जमीन दिली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर. इंदूर पद्धतीचं कंपोस्ट जगभर गेलं ते इथून, आणि १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ते खत बघायला तिथे गेले होते. हॉवर्डचं म्हणणं असं की किडीला मारत बसू नका, कीड आली म्हणजे पिकाचं कुठेतरी चुकतंय असं समजा.

झुरळमावशी:

चांगली आठवण. हॉवर्डचं मी निम्मं घेते. पिकाला नत्र जास्त झालं, पानं लुसलुशीत झाली की मावा वाढतो, हे खरं. पण चक्रभुंगा तब्येतीच्या सोयाबीनवरही येतो. एकाच पिकाचा हजारो एकराचा पट्टा त्याच्यासमोर मांडला तर तो जमिनीचा कस विचारत नाही. हॉवर्डच्या काळात माळव्यात सोयाबीनचं असं राज्य नव्हतं.

संशयात्मा:

यावर वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अदिती_विजयनगर:

इतक्या मोठ्या चर्चेत माझा प्रश्न अगदीच बाळबोध आहे. गॅलरीत कुंडीत कढीपत्ता आहे. त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं दिसणारं काहीतरी हलतं. नंतर ते हिरवंगार होतं आणि पानं संपवतं. निंबोळी अर्क मारू का? आणि मारला तर फोडणीला पानं कधीपासून वापरायची?

झुरळमावशी:

बाळबोध कसला, आजच्या विषयाचा हा सगळ्यात गमतीचा भाग. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लिंबू, बेल, कढीपत्ता, सगळी एकाच कुळातली. त्या पानांतली जी उग्र वासाची तेलं बाकीच्या किड्यांना नकोशी, त्यांच्याच वासावरून हिची आई झाड शोधते आणि नेमकी तिथे अंडी घालते. झाडाने लावलेली पाटी हिला आमंत्रण वाटते. डिवचलंत तर डोक्यावर नारिंगी शिंगं काढून स्वतःही वास सोडेल, घाबरू नका.

खायच्या पानांवर काही मारू नका. अळ्या मोजक्याच असतात, चिमट्याने किंवा हाताने वेचा. नाहीतर दोन फांद्या तिला सोडून द्या.

अदिती_विजयनगर:

मावशी, झाडाला फांद्याच दोन आहेत.

झुरळमावशी:

मग वेचा.